दुपारीच मावळणारा सूर्य आणि आपले जेवण

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला इथल्या हिवाळ्याविषयी विचारले, की तो आधी थंडीविषयी बोलतो, आणि माझ्या मते त्याच्या आहाराचा हिशेब तिथेच फसतो. एडिंबऱ्याची थंडी तशी सोसण्याजोगी आहे. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे तापमान सहा-सात अंशांपर्यंत जाते आणि रात्री ते शून्याच्या जवळपास येते. घरात हीटर असतो, बाहेर पडताना अंगावर जाड कोट असतो, आणि प्रत्यक्ष गारठ्यात आपण दिवसातून फार थोडा वेळ काढतो. वजनावर आणि मनावर खरा परिणाम करतो तो काळोख. हे शहर ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला इथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो, म्हणजे दिवस सात तासांचाही भरत नाही. माध्यान्हीलासुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम साडेदहा अंश वर आलेला असतो. त्याच दिवशी पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो आणि दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. आपली हिवाळ्यातील सगळी खाद्यपरंपरा थंडीसाठी रचलेली आहे. काळोखाशी तिची कधी गाठच पडली नव्हती. ती जशीच्या तशी इथे आणली, की मार्चमध्ये पॅंटचे बटण लागत नाही आणि मनही उभारी धरत नाही.

माझे घर मालवणचे आणि आजोळ जुन्नरकडचे. मालवणात थंडी म्हणजे पहाटे अंगावर घ्यावीशी वाटणारी एखादी गोधडी. जुन्नरकडे मात्र शेकोटी, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, ओला हरभरा आणि डिंकाचे लाडू असा रीतसर हिवाळा असतो. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: थंडीच्या दिवसांत लख्ख ऊन पडते. पावसाळ्याचे ढग गेलेले असतात, आकाश निवळलेले असते, आणि माणसे दिवसभर बाहेर वावरतात. आयुर्वेदाने हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून जड आणि स्निग्ध आहार मानवतो असे सांगितले आहे. पण त्याच ऋतुचर्येत अभ्यंग, व्यायाम आणि सूर्यकिरणांचे सेवनही सांगितले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तूप आणि गूळ तेवढे उचलायचे आणि ऊन व व्यायाम मालवणात किंवा जुन्नरला सोडून यायचे, हा व्यवहार परवडणारा नाही.

काळोखाचा आणि भुकेचा संबंध हा केवळ माझा समज नाही. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या संस्थेत काम करणारे नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये ऋतूप्रमाणे येणाऱ्या नैराश्याचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परततो, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले होते. त्यामुळे उन्हाच्या देशातून उत्तरेकडे आलेल्या माणसाला त्यांचे निरीक्षण विशेष जवळचे वाटते. या नैराश्याची लक्षणे नेहमीच्या नैराश्यापेक्षा थोडी वेगळी असतात. एरवी खिन्न माणसाची अन्नावरची वासना बहुधा उडते आणि झोप तुटते; इथे उलट झोप वाढते, भूक वाढते, गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ लागते आणि वजन चढते. पूर्ण आजार म्हणावा इतका त्रास थोड्यांनाच होतो, पण त्याची सौम्य छटा, नोव्हेंबरपासून अंगात शिरणारी सुस्ती आणि संध्याकाळी काहीतरी गोड खावेसे वाटणे, ही इथल्या अनेकांच्या परिचयाची आहे.

गोडाचीच ओढ का, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते, की कर्बोदके खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते, त्यामुळे रक्तातील इतर मोठी अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) स्नायूंकडे वळतात, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते आणि त्यापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन तयार होते. ही कल्पना आकर्षक आहे, पण ती वादातीत नाही. जेवणात थोडीशी प्रथिने असली तरी हा परिणाम पुसला जातो. शिवाय तिच्या आधाराने ‘मी बिस्किटे खातो ती औषध म्हणून’ असा युक्तिवाद कुणी करू लागला, तर त्याला मी थांबवीन. गोड खाल्ल्यावर तासभर बरे वाटते, मग पुन्हा सुस्ती येते आणि पुन्हा हात डब्याकडे जातो, हे समजायला जीवरसायनशास्त्राची गरज नाही.

आता प्रत्यक्ष घरात काय घडते ते पाहू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम दुपारच्या अंगावर येते. चार वाजता दिवे लागलेले असतात. शरीराला आणि मनाला ती संध्याकाळ वाटते, आणि आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे चहा आणि चहाबरोबर तोंडात टाकायला काहीतरी. आईचा फोन साधारण साडेतीनला येतो. तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि व्हिडिओत माझ्या मागच्या खिडकीत दाटत चाललेला अंधार पाहून ती विचारते, “अरे, जेवलास का?” मी म्हणतो, “आई, इथे अजून दुपारचा चहा व्हायचाय.” तिला ते पटत नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या पोटालाही पटत नाही. कारण मराठी घरांत रात्रीचे जेवण साडेआठ-नऊला ही सवय आपण साता समुद्रापलीकडेही सोडलेली नाही. म्हणजे चारला अंधार आणि नऊला ताट, यांच्या मध्ये पाच तासांची एक लांबलचक, हीटरच्या उबेतली, सोफ्यावरची संध्याकाळ उरते. भाजके पोहे, शेव, शेंगदाणे, शॉर्टब्रेड (इथली लोण्याची बिस्किटे), उरलेला केक, पुन्हा एक कप चहा, हे सारे त्या पाच तासांत पोटात जाते, आणि मग नऊला आपण पूर्ण जेवतोही. हिवाळ्यातील वजनवाढीचे मूळ माझ्या मते जेवणाच्या पदार्थांत कमी आणि या पाच तासांत अधिक आहे.

इथले जुने रहिवासी सहाच्या आत जेवून मोकळे होतात. पूर्वी मला ती घाई वाटे. आता तो शहाणपणा वाटतो. आमच्या घरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्रीचे जेवण सहा ते साडेसहाच्या दरम्यान होते. एवढ्या एका बदलाने चारचा खाऊ आपोआप आकसला, कारण दोन तासांनी जेवायचे आहे हे ठाऊक असले की एका फळावर आणि मूठभर भाजक्या शेंगदाण्यांवर भागते. ओळखीच्या एका गुजराती जैन कुटुंबाकडे तर सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे. डिसेंबरात तो पाळायचा म्हणजे साडेतीनला रात्रीचे जेवण उरकायचे! तेवढी सक्ती मी कुणाला सुचवणार नाही, पण त्या घरातील काकू दिवसाचे मुख्य जेवण उजेडात करतात आणि त्यांचा हिवाळा आमच्यापेक्षा हलका जातो, हे मी पाहत आलो आहे.

मुख्य जेवण दुपारी, उजेडात, आणि गरम: माझ्या मते साऱ्या गोष्टींत ही सर्वांत महत्त्वाची. कार्यालयात दुपारी थंड सँडविच आणि कुरकुरीत चिप्सचे पाकीट खाऊन निघणाऱ्या माणसाला चार वाजता साखर खुणावणारच, कारण दुपारी तो जेवलेलाच नसतो. डब्यात आदल्या दिवशीची मटकीची किंवा मुगाची उसळ, भात किंवा भाकरी, एक पालेभाजी आणि दही एवढे असले तरी पोटाला चार-पाच तास आधार मिळतो. (माशाचा डबा मात्र कार्यालयाच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, शेजारधर्म आहाराहून मोठा.) जेवण झाले की वीस-पंचवीस मिनिटे बाहेर चालून यावे, आणि ते ढगाळ असले तरी यावे. घरातील किंवा कार्यालयातील दिव्यांचा प्रकाश सहसा काही शे लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचे माप) वर जात नाही, तर बाहेरचा दुपारचा मळभाचा उजेडही त्याच्या कितीतरी पट असतो. मी मेडोजच्या मैदानाला फेरी घालतो. त्या फेरीत जळणाऱ्या उष्मांकांना मी फारसे महत्त्व देत नाही. डोळ्यांत उजेड जातो आणि संध्याकाळची गोडाची ओढ कमी होते, हा त्याचा खरा लाभ.

अन्नाचा मनावर परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर फार काळ केवळ अंदाजाने दिले जात असे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ जणांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातील एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले आणि दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पांची सोबत मिळाली. आहाराच्या गटातील जवळजवळ एक तृतीयांश लोकांची लक्षणे जवळपास नाहीशी झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण आठ टक्के होते. चाचणी लहान होती आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागी लोकांना दिसतच होते, तेव्हा तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही. पण त्या आहारात होते काय? कडधान्ये, अख्खी धान्ये, भाज्या, फळे, मासे, दाणे, ऑलिव्ह तेल. आणि कमी केले होते ते गोड, तळलेले आणि कारखान्यात बनलेले पदार्थ. ऑलिव्ह तेलाच्या जागी शेंगदाण्याचे तेल ठेवले तर माझ्या आजीचे रोजचे ताट याहून फार वेगळे नव्हते. सणावाराचे ताट मात्र वेगळे होते, आणि आपण परदेशात येऊन सणावाराचे ताट रोजचे केले आहे.

डिंकाच्या लाडवांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण या विषयावर आमच्या इथल्या मराठी मंडळातील बायकांचा आणि माझा मतभेद आहे. डिंक, खारीक, सुके खोबरे, गोडंबी, खसखस, गूळ आणि सढळ हाताने तूप. हा लाडू म्हणजे मिठाई नव्हे, ते एक जेवण आहे. बाळंतिणीला, पहाटे शेतावर जाणाऱ्याला, तालमीतल्या मुलाला तो सकाळी दिला जाई, आणि त्यानंतर दुपारपर्यंत दुसरे काही खाल्ले जात नसे. चाळीस ग्रॅमच्या एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि तेवढ्या खर्च करायला पाऊण तास भरभर चालावे लागते. तोच लाडू आपण इथे संध्याकाळी पाच वाजता, चहाबरोबर, जेवणाच्या आधीचा खाऊ म्हणून खातो, आणि एकावर थांबत नाही. मंडळातील काहींनी यावर साखर, गूळ आणि तूप काढून टाकलेला ‘हलका’ लाडू शोधला आहे. खजुराचा तो गोळा मी खाल्ला आहे. त्याने समाधान होत नाही, म्हणून माणूस तीन खातो, आणि हिशेब होता तिथेच येतो. माझे म्हणणे असे, की लाडू खरा करावा, तुपातच करावा, पण लहान वळावा आणि त्याला त्याची जागा परत द्यावी. सकाळी साडेसात-आठला, बाहेर अजून काळोख असताना, एक लाडू, एक कप दूध आणि एक संत्रे ही माझी हिवाळ्यातील न्याहारी असते. सकाळी शरीर साखर संध्याकाळपेक्षा अधिक चांगली हाताळते, हे आता चांगले प्रस्थापित झालेले आहे. त्यामुळे तोच लाडू सकाळी खाणे आणि रात्री खाणे यांत फरक पडतो.

ज्या दिवशी लाडू नसतो, त्या दिवशी ओट्स असतात. स्कॉटलंडमध्ये राहून ओट्सचा कंटाळा करणे म्हणजे जुन्नरला राहून बाजरी नाकारण्यासारखे आहे. इथली जुनी पद्धत पाण्यात आणि मिठात शिजवण्याची आहे, साखरेत नव्हे, आणि ती आपल्या जिभेला सहज जुळते. त्यावर जिऱ्याची फोडणी, थोडे तूप आणि चमचाभर जवसाची चटणी घातली, की अकरा वाजेपर्यंत भुकेचे नाव निघत नाही. फळांच्या चवीची, आधीच गोड केलेली ओट्सची लहान पाकिटे मात्र टाळावीत; ती न्याहारीच्या वेशातील मिठाई आहेत. ओट्सचे पीठ थालीपिठाच्या भाजणीत चांगले मिसळते. ओट्सची भाकरी करण्याच्या फंदात कुणी पडू नये, ती थापताना चिकटते आणि खातानाही. त्यापेक्षा इथला ओटकेक, म्हणजे ओट्सचे चपटे खारे बिस्किट, विकत आणावा आणि त्यावर ठेचा घ्यावा.

बाजरीबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश बराच असतो, त्यामुळे दळल्यावर पीठ लवकर कडवट होते, आणि इथे दुकानात येईपर्यंत पाकिटातील पिठाने बराच प्रवास केलेला असतो. पुष्कळ जणांनी बाजरी सोडली ती याच कडवटपणामुळे. अख्खी बाजरी मिळते. ती थोडी थोडी आणून घरी दळावी, किंवा रात्री भिजवून, भरडून खिचडी करावी. मुगाची डाळ घातलेली बाजरीची खिचडी आणि कढी हे आमचे संध्याकाळी सहाचे आवडते जेवण आहे, कारण ते उबदार आहे, पोट भरते, आणि त्यानंतर गोड लागत नाही. पिठले, मुगाचे कढण, टोमॅटोचे सार, जव घातलेले इथले भाज्यांचे दाट सूप, हेही त्याच रांगेतले. आठवड्यातून काही दिवस एवढेच करावे. दुपारी नीट जेवलेल्या माणसाला रात्री चार वाट्यांचे ताट लागत नाही.

मासा हा विषय निघाला, की मालवणी माणसाचा हात सैल सुटतो, तेव्हा आधीच क्षमा मागतो. इथे मिळणारा मॅकरेल हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला आहे, फक्त अंगाने मोठा आणि चरबीने अधिक भरलेला. उत्तरेकडील पीटरहेड आणि फ्रेझरबर्ग या बंदरांत तो उतरतो. मालवणात बांगडा हा गरिबाचा मासा, आणि इथेही तो सॅमन माशाच्या शेजारी स्वस्तातच पडून असतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला आठवड्यातून मासे निदान दोनदा आणि त्यांतला एकदा तेलकट मासा असावा असा आहे. मॅकरेल, हेरिंग, सार्डिन हे सगळे त्यात बसतात. त्यातून ओमेगा-३ मिळते आणि काही प्रमाणात ड जीवनसत्त्वही. मॅकरेलला स्वतःचेच तेल इतके असते, की रवा लावून तळण्याची गरज नाही. हळद, मीठ, मालवणी मसाला आणि कोकमाचे आगळ लावून तव्यावर नुसता परतला तरी पुरतो. तिखले, म्हणजे माशाचे तिखट कालवण, करायचे असेल तर तिरफळे हवीत, आणि ती मात्र इथे सहज मिळत नाहीत, गावाहून आणावी लागतात. ओले खोबरे थोडे कमी घातले तरी तिरफळांचा आणि कोकमाचा कस तसाच राहतो. दुपारी हे तिखले आणि गरम भात खाल्लेल्या माणसाला संध्याकाळी केक आठवत नाही, असा माझा अनुभव आहे. याला कुठल्या चाचणीचा आधार नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल मात्र केवळ माशावर विसंबून चालत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या अखेरपर्यंत इथल्या सूर्यकिरणांत त्वचेला हे जीवनसत्त्व तयार करता येईल इतकी शक्तीच नसते; खिडकीत बसा किंवा आर्थर्स सीटच्या टेकडीवर जाऊन बसा. २०१६ पासून इथला अधिकृत सल्ला असा आहे, की शरद आणि हिवाळ्यात प्रत्येकाने रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा. अमेरिकेत दुधात सहसा ड जीवनसत्त्व घातलेले असते, इथल्या गायीच्या दुधात ते घातलेले नसते. तेव्हा अमेरिकेतील नातेवाईक ‘दूध पीत जा’ म्हणून सांगतात त्याचा इथे फारसा उपयोग नाही. शाकाहारी घरांत तर ही गोळी मीठ-मिरचीसारखी नेहमीची असावी. ती घेतल्याने मन प्रसन्न होते, असा दावा मी करत नाही. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ती हवी.

भाज्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. इथल्या हिवाळ्यात ज्या भाज्या मुबलक आणि स्वस्त असतात त्या केल, लीक, गाजर, कोबी, पार्सनिप आणि स्कॉटिश लोक ज्याला नीप्स म्हणतात तो केशरी गराचा कंद. केल बारीक चिरून, डाळ घालून, लसणाच्या फोडणीवर केली की माठाची किंवा मेथीची आठवण फारशी काढावी लागत नाही. नीप्सची भाजी नवलकोलासारखी करावी. भोगीला आम्ही गाजर, नीप्स, वांगे, गोठवलेले पावटे आणि हरभरा, शेंगदाणा-तिळाचे कूट घालून लेकुरवाळी भाजी करतो, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खातो. भोगीचे हे जेवण वर्षातून एकदाच करण्याचे कारण मला कळत नाही. ते इथल्या जानेवारीत दर आठवड्याला करावे इतके उचित आहे. संक्रांतीचा तिळगूळ मात्र एकदाच पुरे. २५ जानेवारीला स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या स्मरणाची बर्न्स नाइट येते आणि हॅगिस (मेंढीचे काळीज-फुप्फुस आणि ओट्स यांचा पदार्थ), नीप्स आणि बटाटे यांचे ताट समोर येते. तेही खावे. सण हे खाण्यासाठीच असतात.

मार्गशीर्षातील गुरुवार आणि नाताळ एकामागून एक येतात, आणि दोन्ही आपापल्या परीने संध्याकाळवर भार टाकतात. दिवसभर चहा आणि साबुदाणा, आणि रात्री गोडाधोडाने उपवास सोडणे, हा क्रम काळोखाच्या दिवसांत मनाला आणि पोटाला दोघांनाही जड जातो. पूजा करणाऱ्या आमच्या वहिनी आता दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी व्यवस्थित जेवतात आणि संध्याकाळी लवकर उपवास सोडतात. देवीने अजून तक्रार केलेली नाही. नाताळच्या मेजवान्यांविषयी एक दिलासा देणारी आणि एक सावध करणारी गोष्ट आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांची वजने प्रत्यक्ष मोजून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सरासरी वाढ ३७० ग्रॅमच होती. लोक समजतात तितकी ती मोठी नव्हती. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही ती उतरलेली नव्हती. म्हणून नाताळच्या पार्टीत मिन्स पाय (सुक्या फळांचे गोड सारण भरलेली पेस्ट्री) मोजत बसण्यापेक्षा ती खाऊन मोकळे व्हावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीचे जेवावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चहाचा मात्र हिशेब करावा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला, तर साखर ३२ ग्रॅमच्या आसपास जाते, आणि इथला सल्ला प्रौढाने दिवसाला वरून घातलेली साखर ३० ग्रॅमच्या आत ठेवावी असा आहे. म्हणजे बिस्किटाला हात लावण्यापूर्वीच मर्यादा संपली. आले-गवती चहा घातलेला, एक चमचा साखरेचा चहा थोड्याच दिवसांत जिभेवर बसतो. दुपारच्या चहानंतर मी पुन्हा चहा घेतच नाही. काळोखाच्या दिवसांत झोप लांबते पण शांत लागत नाही, आणि उशिराचा चहा त्यात भर घालतो.

वजन किती असावे, याबाबत इथल्या डॉक्टरांच्या भिंतीवरील तक्त्यावर विसंबू नये, कारण त्यातील सर्वसाधारण मर्यादा आपल्याला लागू पडत नाहीत. दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) २३ पासूनच जास्त वजन आणि २७.५ पासून स्थूलता धरावी, आणि कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असे इंग्लंडमधील २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. आपल्या अंगावरची चरबी पोटावर आधी जमते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो. त्यामुळे मी काट्यापेक्षा शिंप्याच्या फितीवर अधिक विश्वास ठेवतो. डिसेंबरात कडक पथ्य मात्र कुणी सुरू करू नये. काळोख, थंडी आणि उपासमार हे तिन्ही एकदम अंगावर घेणारा माणूस दोन आठवड्यांत चिडचिडा होतो आणि तिसऱ्या आठवड्यात सारे सोडून देतो. हिवाळ्यात वजन आहे तिथे राखले तरी पुष्कळ झाले. उतरवायला एप्रिलपासूनचे लांब दिवस आहेत.

जिथे जेवणाची मात्रा चालत नाही, तिथे ती चालवूही नये. सकाळी उठवेनासे होणे, कामात आणि माणसांत रस न उरणे, रडू येणे, जगणे नकोसे वाटणे, असे होऊ लागले आणि ते आठवड्यांमागून आठवडे टिकले, तर थेट डॉक्टरांकडे जावे. दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसणे, समुपदेशन आणि औषधे असे उपाय आहेत. दिवा घेण्यापूर्वी डोळ्यांचा काही विकार असल्यास विचारून घ्यावे. आपल्या लोकांत ‘घरी तूप-लाडू आहेत, नोकरी आहे, मग दुःख कसले’ असे म्हणण्याची वाईट खोड आहे. हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ती विशेष छळते. अशा एखाद्या मुलाला उपदेश करण्यापेक्षा रविवारी दुपारी, उजेडात, जेवायला बोलवावे.

जानेवारीच्या अखेरीपासून दिवस रोज चार मिनिटांहून अधिक वाढू लागतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला तो साडेनऊ तासांवर जातो, पण थंडी तेव्हाही तशीच असते, कधी कधी वाढलेलीसुद्धा. थंडीकडे पाहून स्वयंपाक करणारे मार्चअखेरपर्यंत लाडू वळत राहतात. आमच्या घरी महाशिवरात्रीच्या सुमारास लाडवांचा डबा रिकामा झाला की पुन्हा भरला जात नाही, न्याहारीला मोड आलेले मूग येतात, आणि रात्रीचे जेवण सातपर्यंत सरकते.